हातामागचा हात

"जोर लावा की ओ बाई! मुंगी चालल्यागत काय करताय?"

टेबलावर उताणे पडलेले हिंदुराव चौगले छताकडे बघत म्हणाले. वय सत्तरीकडे झुकलेलं, कुस्तीने चेपून गोळा झालेले कान, छाती अजून पिंपासारखी. त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळं कोल्हापूर त्यांना वस्तादच म्हणायचं.

"गप पडा की जरा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्यांच्या पत्नी, सोनाबाई म्हणाल्या. "आखाडा न्हाई ह्यो."

"म्हणून तर बोलतोय. आखाड्यात निदान कळतं तरी, कुणीतरी धरलंय म्हणून."

मला हसू आलं, पण मी हात हलवले नाहीत. दोन्ही तळवे त्यांच्या पोटावर नुसते टेकलेले होते. जोर नाही, फक्त हातांचं वजन. पोटावरचं काम असंच सुरू होतं. आपण आत शिरायचं नसतं. खालचे स्नायू सैल पडतात आणि हात आपोआप आत बुडतो. मग एकेक गोष्ट कळायला लागते. श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं आणि परत वर जातं. आतडी ओल्या कापडाच्या घडीसारखी एकमेकांवरून घसरतात. जुन्या ऑपरेशनच्या जागी ती चिकटलेली असली, तर तिथे घसरत नाहीत, ओढ लागते. ती ओढ बोटांना कळली पाहिजे आणि हळूहळू सैल करता आली पाहिजे. आमचं काम एवढंच.

मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन हर्डीकर मॅडमकडे आले होते. राजारामपुरीत एका जिन्याच्या वर त्यांचं क्लिनिक होतं. पोटावर हाताने उपचार करणाऱ्या आमच्या भागात त्या एकट्याच. मोठमोठे सर्जन ऑपरेशननंतर पेशंट त्यांच्याकडे पाठवायचे. पहिले काही आठवडे त्यांनी मला पेशंटला हातही लावू दिला नाही. कणकेच्या गोळ्यात चिंचोका लपवून द्यायच्या आणि म्हणायच्या, कुठे आहे सांग, पण वर खळगा पडता कामा नये. चिंचोका जमला की तुरीचा दाणा, मग मोहरी. "दाबशील तेवढं कमी कळेल," त्या म्हणायच्या. "आपण दाबतो तेव्हा आपल्याला आपणच लागतो."

ते माझ्या बाबतीत अगदी शब्दशः खरं ठरलं होतं. सुरुवातीला एका कॉलेजातल्या मुलीच्या पोटात मला ठोके देणारी गाठ लागली. मी घाबरून तिला सोनोग्राफीला धाडलं. पोट स्वच्छ निघालं. बोटं जोरात रुतवली की त्यांच्या टोकांत आपलीच नाडी वाजायला लागते, ती मी तिच्या पोटात ऐकली होती. सोनोग्राफीचे डॉक्टर फोनवर हसले, तो आवाज टेबलापलीकडे मलाही ऐकू आला. मॅडम रागावल्या नाहीत. त्या मला बाहेर घेऊन गेल्या, उसाचा रस पाजला आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांचं होतं. एकदाच व्हावं."

तेव्हा पेशंटला आधी त्या हात लावायच्या, मग मी. पुढे कधीतरी हा क्रम उलटला. आधी मी तपासून काय लागतं ते सांगायचं, मग त्या हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." मला ती बढती वाटली होती. त्यांच्या त्या एका "बरोबर"वर माझा अख्खा दिवस जायचा.

वस्ताद आले ते कंबरदुखीसाठी. कंबर दुखते, पोट जड वाटतं, जेवण जात नाही. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला, वयोमानाची झीज म्हणून सांगितलं आणि पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण दिसला म्हणून आमच्याकडे पाठवलं.

व्रणाच्या आसपास काही फारसं चिकटलेलं नव्हतं. मी हात वर सरकवले. बेंबीच्या वर, मधोमध पण किंचित डावीकडे, माझ्या तळव्याखाली काहीतरी उचललं गेलं.

थांबलं.

पुन्हा उचललं.

"काय मिळालं?" मॅडमनी विचारलं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"ठोका आहे, मॅडम."

"असणारच की!" वस्ताद माझ्याआधी बोलले. "बेंबी सरकलीया माझी. म्या घरातच सांगितलं हिला. सांगितलं का न्हाई गं?"

"सांगितलं," सोनाबाई म्हणाल्या. "रोज सांगताय. आता शेजारच्या म्हशीला बी म्हाईत झालंय."

बेंबी सरकणं आमच्याकडे घरोघरी ठाऊक. पोट बिघडलं की कुणीतरी जाणतं माणूस बेंबीवर बोट ठेवतं. ठोका बेंबीच्या नेमका खाली लागला तर ठीक. वर किंवा बाजूला लागला तर बेंबी सरकली, आणि मग ती दाबून, ओढून जागेवर बसवायची.

"आमच्या तालमीत दगडू हाय," वस्ताद मला समजावू लागले. "असं उताणं पाडतो, बेंबीच्या वर टाच ठेवतो आन् सगळं अंग टाकतो. कट् करून बसती. हिनंच हट्ट धरला दवाखान्याचा. तुमच्याच्यानं होत नसंल तर तसं सांगा, संध्याकाळी दगडूकडं जातो. त्याला सांगून ठेवलंय म्या."

माझ्या हाताखाली पुन्हा ते उचललं गेलं. बारीक माणसाच्या पोटात मुख्य रक्तवाहिनीचा ठोका लागतो, त्यात काही विशेष नाही. पण वस्ताद बारीक नव्हते, आणि मी दाबलेलंही नव्हतं.

मॅडम टेबलापाशी आल्या. त्यांनी वस्तादांचं मनगट हातात घेतलं. "डोळे मिट," त्या मला म्हणाल्या. "ठोका आला की ‘हं’ म्हण."

मी डोळे मिटले. "हं... हं... हं..."

खोलीत दुसरा आवाज नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी लूना सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "मनगटाशी जुळत नाही, शलाका. तुझीच नाडी आहे."

माझे कान तापले. मी हात काढले, झटकले, कोरडे पुसले. उसाचा रस आठवला. पेशंटसमोर दुसऱ्यांदा तेच.

"पोरगी शिकाऊ हाय व्हय?" वस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "असूं दे, असूं दे. आम्ही बी पहिल्यांदा मातीच खाल्ली."

मी परत हात ठेवले. ह्या वेळी ठोक्यावर नाही. त्याच्या दोन बाजूंना, एक हात डावीकडे, एक उजवीकडे, मधे चार-पाच बोटं जागा. हे पुस्तकात वाचलेलं होतं. कुणाच्या पोटावर करायची वेळ कधी आली नव्हती. माझी स्वतःची नाडी माझ्या बोटांत वाजू शकते. पण ती माझे दोन हात एकमेकांपासून दूर ढकलू शकत नाही.

हात दूर सरकले. परत जवळ आले. परत दूर.

"मॅडम, रुंद होतंय ते."

"श्वास असेल."

"वस्ताद, जरा श्वास धरता?"

"किती वेळ धरू? दुपारपतूर धरतो."

त्यांनी श्वास धरला. पोट दगडासारखं स्थिर झालं. आणि त्या स्थिर पोटात माझे हात तसेच दूर जात राहिले, जवळ येत राहिले.

"सरक," मॅडम म्हणाल्या. "मी बघते."

मी सरकले. मॅडमनी हात ठेवले, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला त्यांचं "बरोबर" हवं होतं, आणि नकोही होतं. ते बरोबर असेल तर ह्या माणसाच्या पोटात एक फुगलेली रक्तवाहिनी होती, आणि तिच्यावर संध्याकाळी दगडू टाच ठेवणार होता.

मॅडमचे हात आत गेले. मग आणखी आत. एवढ्या आत त्यांचे हात मी कधी पाहिले नव्हते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"स्नायू घट्ट आहेत, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "वस्ताद, मी हे सोडवून देते. थोडं दुखेल."

"आता कसं!" वस्ताद खूश झाले. "ह्याला म्हणायचं हात."

मॅडमनी खांदे पुढे आणले, कोपरं सरळ केली. अंगाचं वजन हातांवर टाकायची ती तयारी. वस्तादांचा चेहरा एकदम आवळला. "कमरंत गेली कळ," ते पुटपुटले.

"मॅडम, दाबू नका."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. सोनाबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

मॅडमनी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"दाबू नका. एकदा उलटं करू या. मी मनगट धरते. तुम्ही ‘हं’ म्हणा."

पेशंटसमोर शिकवणारीची परीक्षा. हे मी बोलले आणि लगेच वाटलं, उद्यापासून आपल्याला इथे जागा नाही. मॅडमनी कोपरं सैल केली, हात मात्र उचलले नाहीत. वस्ताद कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते; कुस्ती लागल्यावर बघणारे बघतात तसे.

"ठीक," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी वस्तादांचं मनगट धरलं. जाड, केसाळ मनगट. नाडी भरलेली, संथ, एकसारखी.

"हं," मॅडम म्हणाल्या. "हं. हं. हं."

त्यांचा सूर शांत होता, ठाम होता. आणि तो चुकत होता. एक "हं" ठोक्याच्या आधी पडला, एक नंतर, दोन एकाच ठोक्यात पडले. त्या भराभर म्हणत होत्या आणि माझ्या बोटांखाली वस्ताद सावकाश चालले होते. पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय. मी मान वर केली. मॅडम टेबलावर वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या गळ्याच्या कडेची शीर दिव्याखाली स्वच्छ दिसत होती. ती उडत होती. हं. हं. हं. प्रत्येक "हं" तिच्यावर नेमका पडत होता.

मॅडम स्वतःची नाडी म्हणत होत्या.

मॅडमचं "हं" मधेच थांबलं. त्यांनी डोळे उघडले, मी कुठे बघत होते ते बघितलं, आणि त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. मग तो त्यांनी परत खाली आणला. दुसरा हात वस्तादांच्या पोटावरून अगदी हळू उचलला. निजलेल्या मुलाखालून हात काढून घ्यावा तसा.

"वस्ताद," त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता सोनोग्राफी करून घ्यायची. पोट कुणालाही दाबू द्यायचं नाही. दगडूलाही नाही."

"आँ?" वस्ताद कोपरावर उठले. "आता तर म्हणालासा, काय न्हाई म्हणून."

"मी म्हणाले. ही म्हणतेय, आहे."

"मग? वस्ताद कोण हितं, तुम्ही का ती?" त्यांनी पाय टेबलावरून खाली सोडले आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली. "न्हाई न्हाई. हे आमाला म्हाईत हाय. ह्या यंत्रात घाला, त्या यंत्रात घाला. शिकाऊ पोरीच्या नादानं म्या कशाला जाऊ? बाई, तुमच्या हाताचं नाव ऐकून आलोतो. तुमचा हात म्हणतोय काय न्हाई, तर काय न्हाई. उरली बेंबी, ती दगडू बसवंल. चल गं."

सोनाबाई हलल्या नाहीत. त्या मॅडमकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "वस्ताद, ऐका, आत रक्ताची मुख्य नळी असते—" पण ते ऐकत नव्हते. ते चपला शोधत होते. माझ्या शब्दाला त्या खोलीत काही किंमत नव्हती. किंमत मॅडमच्या शब्दाला होती, आणि तो शब्द मॅडमनी आधीच देऊन टाकला होता.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या वस्तादांच्या समोर बसल्या. उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"वस्ताद, जायच्या आधी एक करा. मी डोळे मिटते. माझं कुठलंही एक बोट हलकेच धरा. कुठलं धरलं ते मी सांगते."

"ह्यो काय खेळ?"

"धरा तर."

मॅडमनी डोळे मिटून मान दुसरीकडे वळवली. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि दोन बोटांच्या चिमटीत मॅडमचं मधलं बोट धरलं. ज्या बोटाने त्या आयुष्यभर लोकांच्या पोटातलं ओळखत आल्या होत्या, तेच.

आम्ही वाट बघत राहिलो. मॅडमही वाट बघत राहिल्या.

"धरा ना," त्या म्हणाल्या.

वस्तादांची चिमूट तशीच होती. त्यांनी पेरावरून अंगठा फिरवला.

"धरताय ना?"

"धरलंय, बाई," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "मघाधरनं धरलंय."

मॅडमनी डोळे उघडले आणि स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

"मनगटातली नस दबलीय," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांची. ह्या तीन बोटांना काही कळत नाही. तुमच्या पोटात काय आहे ते मला आज कळलेलं नाही, मघाशी मनगटातली नाडीही नाही. हिला कळलंय. आता जा किंवा जाऊ नका."

जिन्याजवळच्या बाकावर पुढचे दोन पेशंट बसले होते. दार उघडंच होतं. मॅडमनी आवाज खाली आणला नव्हता.

सोनाबाईंनी वाकून नवऱ्याच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या. "घाला," त्या म्हणाल्या. "दगडूचं मी बघते. आन् त्यानं टाच उचललीच, तर त्याचीच बसवते."

रिक्षात आम्ही चौघं कसे मावलो ते मला आठवत नाही. सोनोग्राफीचे डॉक्टर तेच होते, फोनवर हसलेले. मला बघून त्यांच्या तोंडावर ते हसू परत आलं. मग त्यांनी वस्तादांच्या पोटावर यंत्र टेकवलं, पडद्याकडे बघितलं, आणि बोलणं बंद केलं. थोड्या वेळाने त्यांनी वस्तादांना "हलू नका काका, असंच पडून राहा" असं इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की सोनाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी मोसंब्याएवढी फुगली होती. वस्तादांना तिथून स्ट्रेचरवरच इस्पितळात हलवलं. ऑपरेशनआधी तपासून सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "पोट कुणी दाबलं होतं का?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "हिनं थांबवलं."

सर्जनांनी माझ्याकडे बघितलं. "ही भिंत कागदासारखी झालीय. आणखी थोडा जोर पडला असता तर टेबलावरच..." सोनाबाईंकडे लक्ष जाताच त्यांनी वाक्य सोडून दिलं.

वस्ताद वाचले. पुढे बरीच वर्षं ते तालमीच्या कट्ट्यावर बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सदरा वर करून व्रण दाखवायचे. पण त्या दुपारी ऑपरेशन चालू असताना हे आम्हाला माहीत नव्हतं. सोनाबाईंचे भाऊ आले, त्यांच्याशी बोलायला त्या पलीकडे गेल्या. मी आणि मॅडम बाकावर उरलो. मॅडमनी हात मांडीवर उलटे ठेवले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू आलीस त्या वर्षीच्या दिवाळीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या."

"ऑपरेशन करता येतं ह्याचं."

"येतं. मीच कितीजणांना करायला लावलंय." त्या थोड्या हसल्या. "हात उघडायला देववेना. वाटायचं, येईल परत. तोपर्यंत तू होतीस."

मी मनातल्या मनात मागे गेले. त्या दिवाळीच्या सुमारास क्रम उलटला होता. आधी मी, मग त्या. मी सांगायचं, त्यांनी डोळे मिटायचे.

"मॅडम, मग तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचात ते?"

"तुझं सगळं बरोबरच असायचं."

"पण तुम्हाला कसं कळायचं?"

समोरून ट्रॉली गेली. तिचं एक चाक करकरत होतं.

दीड वर्षं. मी बेधडक सांगत आले होते; इथे चिकटलंय, इथे मोकळं आहे, इथे काही नाही. चुकलंच तर मागून मॅडमचा हात येणार आहे, ह्या भरवशावर सांगत आले होते. तो भरवसा होता म्हणूनच माझे हात इतके हलके पडत होते. मी एकेक पोट आठवायला लागले. चेहरे आठवत नव्हते, पोटं आठवत होती. एका पोटाशी मी अडले.

"शिरोळच्या त्या बाई," मी म्हणाले. "पावसाळ्यात आल्या होत्या. उजव्या बाजूला मला काहीतरी कडक वाटलं होतं, आठवतं? मी म्हटलं होतं, नक्की सांगता येत नाही, तुम्ही बघा."

"आठवतं."

"तुम्ही हात ठेवला. म्हणालात, काही नाही, जाऊ दे त्यांना."

मॅडमनी मान हलवली.

"त्या परत आल्या का कधी?"

"नाही."

"बऱ्या आहेत?"

"मला माहीत नाही, शलाका."

मी उठले. पर्स खांद्याला लावली. मॅडमनी मला कुठे निघालीस असं विचारलं नाही. स्टँडवर गेले तेव्हा शिरोळची गाडी लागलेली होती. कंडक्टरने दार ओढायच्या आत मी चढले.